वाकळीचा घास

ही गोष्ट आजवर एकानंही खरी मानलेली नाही आणि तुम्हीही मानणार नाही, पैज लावा. मानायचीच असेल तर निम्मी माना. कुठली निम्मी, ते ज्याचं त्यानं बघावं. हेळगावच्या घाटावर ती इतक्यांदा सांगून झाली आहे की आता पायऱ्यासुद्धा जांभया देतात. पोरं खिदळतात, म्हातारे माना हलवतात. मागच्या पायरीवर मांडीवर वाकळ घेऊन टाके घालत बसलेली ती एकटी तेवढी हसत नाही. तिला राहू द्या. तिचं लक्ष टाक्यांकडं आहे.

तर त्या साली मांदळी नदीला असा फेस आला की घाटावरच्या महादेवाचा कळस दिसेना. गुरवानं अंदाजानं अभिषेकाचं पाणी ओतलं, ते पिंडीऐवजी नंदीवर. म्हादू गवळ्याची म्हैस फेसात शिरली काळी आणि पलीकडच्या तीरावर निघाली पांढरी. म्हादूनं तिला ओळखलंच नाही. परक्याचं जनावर म्हणून दोन दिवस कोंडवाड्यात ठेवली.

"नाना, म्हैस कितीबी धुतली तरी काळीच ऱ्हाती," कुणीतरी म्हणतंच.

राहते, राहते. पण फेस होता, एवढं तरी धरून चला. भाद्रपद सरत आला आणि घट बसायचे दिवस जवळ आले की घरातलं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, ही आपली रीत. घरोघरी मशीन आली तरी ती सुटली नाही. मशीन तेव्हा बोलायलाही शिकली होती. वाकळ आत कोंबली की गोड आवाजात म्हणायची, "वजन मर्यादेबाहेर आहे." बायका म्हणायच्या, तुझ्या बापाची वाकळ हाय व्हय, आणि चालल्या नदीवर. सगळ्या गावाच्या वाकळा, गोण्या भरून साबणाची पावडर आणि धोपटण्यांचा असा आवाज, की घाटावर चहाच्या कपाला तरंग उठावेत.

त्या घाटावर गिरजाक्काचा मान पहिला. वाकळ शिवावी तर गिरजाक्कानं. जुनी लुगडी, नायलॉनच्या साड्या, मेलेल्या माणसाचं धोतर, काय असेल ते घालून ती असे बारीक टाके घालायची की मुंगीचं पाऊल अडखळावं. आणि वाकळ पुरी होत आली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा चिमटीएवढा तुकडा ठेवून तो कोपरा शिवून टाकायची. त्याला म्हणायचे घास. उपाशी वाकळ ऊब देत नाही, असा तिचा पक्का समज. तिच्या आईचाही तोच होता.

तिची एकुलती लेक शेवंता. शेवंताचा नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा यायचा आणि येताना तिघींना एकाच मापाच्या चपला आणायचा. तिघी म्हणजे गिरजाक्का, शेवंता आणि शेवंताची चार वर्षांची पोर, कस्तुरी.

कस्तुरीचं तोंड म्हणजे चालू नळ. दिसेल त्याला ती नाव ठेवायची. घरातल्या चमच्यांना नावं, पालीला नाव, आजीच्या दुखऱ्या गुडघ्यालासुद्धा नाव, बाळकोबा. सकाळी उठून विचारायची, "आज्जी, बाळकोबा उठला का?" गिरजाक्का म्हणायची, "तो कवाचा उठून रडायलाय, बाई." तिच्यासाठी आजीनं एक छोटी वाकळ शिवली होती. आईच्या लग्नातली राणी रंगाची साडी, आजोबांच्या धोतराचा काठ, आणि कोपऱ्यात घास. तो कोपरा तोंडात धरून चोखल्याशिवाय कस्तुरीला झोप लागत नसे. आजी कौतुकानं म्हणायची, "वाकळीचा घास नातीनं पळवला बघा."

शेवंता गावच्या पाणीपुरवठ्यात होती. तिच्याकडं खेकडा सांभाळायचं काम. हा खेकडा म्हणजे खाण्याचा नव्हे, यंत्र. पाटीएवढं अंग, आठ पाय, पोटात दिवा. नदीच्या तळावरून चालत जायचं, गाळाचा चावा घ्यायचा, त्यातल्या एकेका कणावर उजेड टाकायचा आणि सांगायचं की ही माती, हा प्लास्टिकचा धागा, हा अमुक रंगाचा आणि त्याच्यावर अमुक धातू बसलाय. विद्यापीठातल्या मुजावर सरांनी तो बनवला आणि पहिला हेळगावात सोडला. एकदा तो चुकून घाट चढून वर आला आणि चहाच्या टपरीवर बसलेल्या सरपंचाच्या पायाला चावा घेऊन म्हणाला, "गाळ, दर्जा हलका." हे मात्र खरं आहे. सरपंच अजून लंगडतो.

त्या भाद्रपदात खेकडा वर आला, तेव्हा शेवंतानं आकडे बघून मुजावर सरांना फोन लावला. सर दुसऱ्या दिवशी आले. तंबाखूच्या डबीएवढ्या काचेवर गाळ पसरून दोघं बसली.

"सर, शिसं गाळात असतंय हे आपल्याला ठाऊकच हाय," शेवंता म्हणाली. "पण हे धाग्यांवर कसं काय?"

सरांनी जे सांगितलं ते असं. नदीच्या वरच्या अंगाला एके काळी जुन्या बॅटऱ्या फोडायच्या शेड होत्या. शेड गेल्या, मालक गेले, शिसं राहिलं. ते तळाच्या चिकणमातीत बसलं. चिकणमातीची मिठी भारी. एकदा शिसं धरलं की ती सहजासहजी सोडत नाही, म्हणून वरचं पाणी स्वच्छ. पण साबणाच्या पावडरीतला एकेक रेणू असतो दोन तोंडांचा. एक तोंड पाण्याकडं, दुसरं मळाकडं. कापडातला मळ सुटतो तो त्याच्यामुळं. आता त्या बिचाऱ्याला काय कळतं की कापड कुठं संपलं आणि नदीचा तळ कुठं सुरू झाला? तो तळालाही धुतो. मातीची मिठी सैल होते आणि शिसं सुटतं.

सुटलेलं शिसं बसायला जागा शोधतं. ती जागा आपणच करून ठेवली होती. नायलॉनच्या वाकळा धोपटल्या की डोळ्यांना न दिसणारे धागे सुटतात. नवा धागा गुळगुळीत असतो, त्याच्यावर फारसं काही टिकत नाही. पण उन्हानं आणि शेवाळानं तो खरबरीत झाला, वर साबणाचा लेप चढला, की त्या लेपावरच्या ऋण भाराला शिशाचा धन भार जाऊन चिकटतो. आणि साबणानं ओला झालेला धागा तरंगत नाही, गोळा होत नाही. सुटा सुटा फिरतो, वाळूच्या गाळणीतूनही निसटतो.

"मग आपल्या तपासणीत कधीच कसं दिसलं न्हाई?"

"आपण पाणी आधी गाळून घेतो, शेवंताताई. विरघळलेलं शिसं मोजायचं म्हणून. धागे गाळणकागदावर राहायचे."

"आन् कागद?"

"कागद आपण टाकून देत होतो."

इतकी वर्षं ते कागद शेवंतानंच टाकले होते.

घरी मात्र त्याच दिवसांत दुसरंच काही चाललं होतं. कस्तुरीनं चमच्याला नुसतं "ते" म्हणायला सुरुवात केली. आधी वाटलं, खेळ आहे. मग पाल "ते" झाली. मग सकाळी उठून ती आजीच्या गुडघ्यावर हात ठेवून नुसतीच बघत राहिली. गिरजाक्कानं आठवण करून दिली, "बाळकोबा. इचार की, उठला का म्हणून." कस्तुरीनं तोंड उघडलं. ओठ हलले. आतून काही आलं नाही. मग ती चिडली आणि आजीच्या गुडघ्याला चापट मारून रडायला लागली.

"नजर लागली पोरीला," गिरजाक्का म्हणाली. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. पोटात दुखतं म्हणून पोर कण्हायची, जेवायची नाही, नुसता वाकळीचा कोपरा चोखत पडायची. आजारी माणसाचं अंथरूण स्वच्छ हवं, हे गिरजाक्काला कुणी शिकवायची गरज नव्हती. दर दोन दिवसांनी ती छोटी वाकळ घेऊन घाटावर जायची, दुप्पट पावडर घालायची, धोपटायची, पिळायची, उन्हात वाळवायची आणि नातीच्या अंगावर घालायची. बायका म्हणायच्या, "अक्का, तेवढी तेवढी वाकळ रोज धुऊन फाटंल की." ती म्हणायची, "फाटू दे. दुसरी शिवीन. पोर उठली पायजे."

डॉक्टरांनी रक्त काढलं. गावातल्या पुष्कळ पोरांच्या रक्तात थोडं थोडं शिसं निघालं. कस्तुरीच्या रक्तात इतकं निघालं की डॉक्टरांनी पुन्हा सुई लावली.

"औषधानं रक्तातलं उतरवता येईल," ते शेवंताला म्हणाले. "डोक्यात जे झालं असेल त्याबद्दल मी काही कबूल करत नाही. आधी ते येतंय कुठून ते बंद करा. हिच्या तोंडात काहीतरी जातंय, जे इतर पोरांच्या जात नाही."

शेवंता घरी आली तेव्हा दुपार होती. कस्तुरी झोपली होती, तोंडात कोपरा. बाजूला गिरजाक्का बसून तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. शेवंता दारातच उभी राहिली. तिची नजर त्या कोपऱ्यावर होती.

मग ती म्हणाली, "आई, ही वाकळ आज मी धुते."

"तू? तुला कवा येळ मिळाला?"

"मिळालाय आज."

ती वाकळ घेऊन घाटावर गेली नाही, पंपघरात गेली. खेकड्याच्या दिव्याखाली तिनं तो कोपरा धरला. दिवा एकाएकी असा लालभडक झाला की पंपघराच्या खिडकीतून बघणाऱ्यांना वाटलं, आत होळी पेटली. तिनं ब्लेडनं टाके उसवले. घास कधीच विरून गेला होता. त्याच्या जागी बोराएवढा काळा गाळ बसला होता, मऊ, आणि त्यात सगळ्या गावाच्या साड्यांचे रंगीत धागे. चार-चार पदरी जाड कोपरा, आत भाकरीची पोकळी. नदीतून प्रत्येक वेळी बुडवून काढताना त्यानं चाळणीसारखं सगळं धरून ठेवलं होतं. साबण जितका जास्त, तितकं जास्त. धुणं जितकं मनापासून, तितकं जास्त.

मुजावर सरांनी आकडे बघितले. "कुणाची आहे ही वाकळ?"

"घरचीच," शेवंता म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा विचारलं नाही.

ती वाकळ पिशवीत बंद होऊन विद्यापीठात गेली. शेवंता रिकाम्या हातानं घरी आली. वाटेत तिनं ठरवलं होतं की सांगायचं. आईला हात धरून बसवायचं आणि सांगायचं की हे असं झालं, तुझा दोष नाही, माझाही नाही, कुणाचाच नाही. उंबऱ्यात पाय टाकला तर गिरजाक्का कस्तुरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि एकेका वस्तूवर बोट ठेवून तिला नावं शिकवत होती. तिनंच ठेवलेली नावं, तिलाच परत. "हा पितळ्या. ही सोनी. हा बाळकोबा." पोर आजीच्या तोंडाकडं बघत होती.

"वाकळ कुटं हाय गं?" गिरजाक्कानं विचारलं.

"वाहून गेली, आई. धार मोठी हुती. हातातनं सुटली."

गिरजाक्का लेकीकडं बघत राहिली. जन्मभर वाकळा धुतलेली बाई ती. "ओली वाकळ दगडावानी तळाला बसती, शेवंते. वाहत न्हाई."

शेवंतानं मान खाली घातली.

"आसंल," गिरजाक्का म्हणाली. "धार मोठी आसंल."

दुसऱ्या दिवसापासून गिरजाक्का काठीला आकडा बांधून नदीकाठी जाऊ लागली. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, आकडा फिरवायचा, गाळातनं चिंध्या ओढून काढायच्या, बघायच्या, टाकून द्यायच्या. लोक म्हणायचे, म्हातारीला चळ लागला. एकदा म्हणे तिच्या आकड्याला मगर अडकली आणि ती मगरीला म्हणाली, "व्हय बाजूला, तू राणी रंगाची न्हाईस."

इकडं शेवंतानं गावची सभा बोलावली. पंपाजवळ काचेच्या बरणीत धागे ठेवून सगळं सांगितलं. नदीत साबण नको, नदीत वाकळ नको, निदान गाळ काढून होईपर्यंत नको. बायका उसळल्या.

"घट बशिवताना घाण अंथरुणावर निजायचं व्हय?"

"तुज्या खेकड्याला म्हणावं, तूच धू आमच्या वाकळा."

"सोताच्या पोरीला सांभाळता येईना, चालली गावाला शिकवायला."

हे शेवटचं बोलणारी बाई पुढच्या ओळीत बसली होती. शेवंतानं ऐकलं आणि बरणी खाली ठेवली. तिला एक वाक्य बोलता आलं असतं आणि सभा तिथंच गप्प झाली असती. माझ्या पोरीच्या वाकळीत काय निघालं ते ऐका, एवढं म्हणायचं. पण गिरजाक्का मागं खांबाला टेकून बसली होती, ओल्या लुगड्यानं, हातात आकडा. शेवंता गप्प राहिली. त्यामुळं गावाला पटायला आणखी एक भाद्रपद गेला. त्या भाद्रपदात धुतलेल्या वाकळा किती पोरांनी चोखल्या, ते विचारू नका. शेवंताला विचारायची हिंमत कुणाला झाली नाही आणि ती स्वतःला रोज विचारायची.

पुढं गाळ काढला गेला. घाटावर हौद झाले, धुण्याचं पाणी वेगळ्या गाळण्यांतून जाऊ लागलं. हौद तुम्ही बघताच आहात. कागदही आता टाकून देत नाहीत, आधी कागद तपासतात. मुजावर सरांचा खेकडा गावोगाव गेला, काही ठिकाणी म्हणे निवडणुकीलाही उभा राहिला आणि पडला.

आणि गिरजाक्का? ती आकडा फिरवत फिरवत म्हातारी झाली आणि एका दुपारी बसल्या जागी, हातात सुई असतानाच गेली. सुखानं गेली. वाकळ वाहून गेली यावर तिचा शेवटपर्यंत विश्वास होता. त्या कोपऱ्याचं तिला कधीच काही कळलं नाही. देवाची तेवढी दया.

आणि पोर बरी झाली. काय तोंड पाडून बसलात? बरी झाली म्हणतो. औषधानं शिसं उतरलं आणि शब्द एकेक करून परत आले, रानात चरायला गेलेल्या शेळ्या संध्याकाळी परत याव्यात तसे. पहिला आला बाळकोबा, मग पितळ्या, मग सोनी, मग असे लोंढ्यानं आले की घरात जागा पुरेना, काही शब्द शेजारच्यांकडं ठेवायला द्यावे लागले. आज ती अशी बोलते की गावातला रेडिओ बंद पडला तर लोक म्हणतात, असू दे, कस्तुरी आहे. एकही शब्द कुठं मागं राहिला नाही, एकही…

"खोटं."

मागच्या पायरीवरून. टाके थांबले होते. कस्तुरी मांडीवरच्या वाकळीकडं बघत होती, पुढचा शब्द शोधत.

"ते… ते…" तिनं वाकळीचा कोपरा हातात धरला. चिमटीत दाबून सगळ्यांना दाखवला. कोपरा चपटा होता. आत काही नव्हतं. "आज्जीनं… शिकवलंय… मला. त्या… नंतर… एकाबी… वाकळीत…"

पुढचा शब्द यायला वेळ लागला. पण तो आला.

"…घास… घातला न्हाई. तिला… ठाऊक… हुतं."